कबुलीचा बाजार आणि कोवळी गिऱ्हाइके

गुन्ह्याची कबुली देऊन त्या बदल्यात कमी शिक्षा पदरात पाडून घेण्याच्या पद्धतीला कायद्याच्या परिभाषेत ‘प्ली बार्गेनिंग’ म्हणतात. मराठीत तिला सौदा म्हणणेच योग्य; कारण तीत घासाघीस आहे, भाव आहे, मुदत आहे आणि मुदत टळली की भाव चढवण्याची धमकीही आहे. या सौद्याचे समर्थक सांगतात की, आरोपी तो स्वखुशीने करतो, त्याच्यावर जबरदस्ती कुणीच करत नाही, दोन्ही बाजूंचे हित पाहून सज्ञान माणसे बाजारात जसा व्यवहार करतात तसाच हा एक व्यवहार. ज्या विचारसरणीने गिरणीच्या दारात उभ्या असलेल्या बेकार कामगाराचा आणि गिरणीमालकाचा करार ‘स्वतंत्र’ ठरवला, तिनेच आता कोठडीतला आरोपी आणि सरकारी वकील यांचा करारही स्वतंत्र ठरवावा, यात नवल काही नाही. नवल आहे ते हे, की ही मखलाशी पुरोगामी वर्तुळांतही फारसा विचार न करता स्वीकारली जाते.

या सौद्याचे माहेर अमेरिका. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली निकालात काढलेले एक प्रकरण या संदर्भात पुन्हा पुन्हा आठवावे असे आहे. केंटकी राज्यातील पॉल हेज या इसमावर ८८ डॉलर ३० सेंटच्या खोट्या धनादेशाचा आरोप होता. पूर्वीचे दोन गुन्हे त्याच्या नावावर होते. सरकारी वकिलाने त्याला सांगितले : गुन्हा कबूल कर, पाच वर्षांची शिफारस करतो, नाहीतर सराईत गुन्हेगारांच्या कायद्याखाली नवे आरोपपत्र आणतो. हेजने नकार दिला. सरकारी वकिलाने शब्द पाळला आणि हेजला जन्मठेप झाली. ८८ डॉलरच्या कागदासाठी जन्मठेप! सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी यात घटनाबाह्य काही नाही असा निर्वाळा दिला. न्यायालयात जाऊन न्याय मागण्याची किंमत येथे उघडपणे ठरली. पाच वर्षे आणि जन्मठेप यांच्यातील जो फरक, तो धनादेशाचा दंड नव्हता, तो नकाराचा दंड होता. त्यानंतर २०१२ साली त्याच न्यायालयाने आकडा नोंदवला की, संघराज्याच्या न्यायालयांतील ९७ टक्के आणि राज्यांच्या न्यायालयांतील ९४ टक्के दोषसिद्धी कबुलीतून होतात. म्हणजे साक्षीपुरावे, उलटतपासणी, ज्यूरी हा सगळा थाट चित्रपटांपुरता उरला आहे.

हा बाजार प्रौढांसाठीच अन्यायाचा आहे. त्यात मुले उतरवली की काय होते, याचा शोध गेल्या दोन दशकांत मानसशास्त्रज्ञांनी घेतला आहे आणि त्यांचे निष्कर्ष सर्वसाधारण समजुतीच्या अगदी उलट आहेत. समजूत अशी की, पौगंडावस्थेतील मूल अविचारी असते, परिणामांचा हिशेब त्याला करता येत नाही, म्हणून ते धोका पत्करते. कॉर्नेल विद्यापीठातील व्हॅलरी रेना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेले प्रतिपादन वेगळे आहे : मूल हिशेब करते, किंबहुना प्रौढांपेक्षा अधिक करते, आणि तेथेच फसते. पिस्तुलात एकच गोळी भरून चाप ओढण्याच्या खेळाला दहा लाख डॉलर देऊ केले तर प्रौढ माणूस आकडेमोड करत बसत नाही. मरण म्हणजे मरण, एवढा मथितार्थ त्याला पुरतो. कोवळ्या वयाचा मुलगा मात्र सहातील एक शक्यता आणि दहा लाखांची रक्कम यांची तुलना करू लागतो. २००४ सालच्या एका प्रयोगात, शार्क माशांच्या सान्निध्यात पोहणे किंवा स्वतःचे केस पेटवून घेणे ही चांगली कल्पना आहे काय, असे विचारले असता किशोरवयीन मुलांना ‘नाही’ म्हणायला प्रौढांपेक्षा अधिक वेळ लागला. उत्तर तेच आले, पण विचार करून आले. जेथे विचारच करायचा नसतो तेथे विचार करणे हाच या वयाचा धोका.

आता हीच रीत न्यायालयाच्या आवारात आणून पाहावी. चोरी न केलेल्या प्रौढ माणसाला सांगितले, ‘कबूल हो, महिन्यात सुटशील, खटला लढवलास तर पाच वर्षे जातील’, तर त्यांपैकी अनेकांच्या मनात एक साधी रेघ आखलेली असते : जे केले नाही ते केले म्हणायचे नाही. सोळा वर्षांच्या मुलाच्या मनात ही रेघ अजून पुरती उमटलेली नसते. तो एका बाजूला खात्रीचा महिना ठेवतो, दुसऱ्या बाजूला संभाव्य पाच वर्षे, आणि तराजू जिकडे झुकेल तिकडे सही करतो. रेना व रिबेका हेल्म यांनी सहकाऱ्यांसमवेत २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काल्पनिक खटल्यांच्या आधारे हेच दिसून आले : स्वतः निरपराध आहोत असे धरूनही कबुली देण्याकडे किशोरांचा कल प्रौढांपेक्षा अधिक होता. ज्या सौद्याला त्याचे पुरस्कर्ते ‘विवेकी हिशेब’ म्हणून गौरवतात, तो हिशेब जितका चोख, तितका निरपराध मुलगा तुरुंगाच्या जवळ. शिवाय समवयस्कांच्या नजरेचा भाग वेगळाच. गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांनी २००५ साली दाखवले की, मोटार चालवण्याच्या एका खेळात मित्र शेजारी असले की किशोरांचे धोके वाढतात, प्रौढांचे तसे वाढत नाहीत. कोठडीत शेजारी कोण असतात, हे कार्यकर्त्यांना सांगायला नको.

परंतु या संशोधनाचा एक सोयीस्कर उपयोगही होऊ शकतो आणि त्यापासून सावध राहिले पाहिजे. ‘मुलांचा मेंदू अपरिपक्व, म्हणून ती चुकतात’ असे म्हटले की सगळा दोष मेंदूत गेला आणि व्यवस्था निर्दोष सुटली. कॅलिफ ब्राउडर या न्यूयॉर्कमधील मुलाची हकीकत या युक्तिवादाला पुरून उरते. २०१० च्या मे महिन्यात, वयाच्या सोळाव्या वर्षी, पाठीवरची पिशवी चोरल्याच्या आरोपावरून त्याला पकडले. न्यूयॉर्क राज्यात त्या काळी सोळाव्या वर्षीच आरोपीला प्रौढ मानत. तो कायदा २०१७ साली बदलला. जामीन ३,००० डॉलरचा. घरात ते नव्हते. रायकर्स बेटावरील तुरुंगात त्याने सुमारे तीन वर्षे काढली, त्यांतील बराच काळ एकांत कोठडीत. कबुलीचे प्रस्ताव त्याच्यापुढे वारंवार आले. शेवटी शेवटी तर कबूल हो आणि आजच घरी जा, इथपर्यंत. त्याने प्रत्येक वेळी सांगितले की, आपण चोरी केलेली नाही. २०१३ साली सरकारने आरोप मागे घेतले. खटला कधी उभाच राहिला नाही. २०१५ च्या जूनमध्ये, बावीस वर्षांचा असताना, त्याने स्वतःचे जीवन संपवले. प्रौढाने दाखवायची ती रेघ या मुलाने सोळाव्या वर्षी आखली होती, आणि व्यवस्थेने त्या रेघेचीच शिक्षा त्याला दिली. तेव्हा प्रश्न केवळ वयाचा नाही. भाव कोण ठरवतो आणि जामिनाचे पैसे कुणाच्या घरात असतात, हा प्रश्न आहे.

धोका पत्करणे हा तरुण वयाचा रोग आहे, असे तर समाजवादी चळवळीला मुळीच म्हणता येणार नाही. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारच्या रस्त्यावर तिरंगा घेऊन गोळ्यांपुढे उभा राहिलेला शिरीषकुमार पंधरा वर्षांचा होता. आणि ‘गुन्हा कबूल’ या दोन शब्दांचाही या देशात एक निराळा इतिहास आहे. मार्च १९२२ मध्ये अहमदाबादेत न्यायाधीश ब्रूमफील्ड यांच्यापुढे गांधींनी गुन्हा कबूल केला तो सवलतीसाठी नव्हे, कायद्यातील कठोरात कठोर शिक्षा मागण्यासाठी. ती कबुली सत्तेला लाजवणारी होती. आजची कबुली सत्तेची सोय पाहते.

भारतात हा सौदा सहजासहजी आलेला नाही. १९७६ साली महाराष्ट्रातील अन्नभेसळीच्या एका प्रकरणात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी या घासाघिशीवर कडक ताशेरे ओढले. १९८० साली गुजरातमधील कासमभाई प्रकरणात न्यायमूर्ती भगवतींनी तर ती घटनाविरोधी ठरवली. लांबलचक खटल्याच्या यातना टाळण्यासाठी निरपराध माणूसही हलकी शिक्षा पत्करील, हे त्यांनी दिलेले एक कारण होते. हा इशारा बाजूला सारून २००५ च्या दुरुस्तीने फौजदारी प्रक्रिया संहितेत नवे प्रकरण घातले गेले आणि जुलै २००६ पासून सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांना हा सौदा लागू झाला. स्त्रिया व लहान मुलांविरुद्धचे गुन्हे त्यातून वगळले, आरोपीने स्वेच्छेने अर्ज केला आहे याची खात्री न्यायाधीशाने बंद दाराआड करून घ्यावी अशी तरतूद केली, हे मान्य केले पाहिजे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेने तेच प्रकरण पुढे चालवले. पहिल्याच वेळच्या आरोपीला शिक्षेच्या एकषष्ठांशापर्यंत सवलतीचे आमिष दाखवले आणि अर्जासाठी आरोपनिश्चितीपासून तीस दिवसांची मुदत घातली. दुकानातल्या ‘सवलत मर्यादित काळासाठी’ या पाटीची आठवण कुणाला झाली तर दोष त्याचा नाही.

समर्थनाचा मुख्य मुद्दा तुरुंगांतील गर्दीचा. गर्दी खरी आहे. २०२२ च्या अखेरीस देशातील ५ लाख ७३ हजार कैद्यांपैकी ४ लाख ३४ हजार, म्हणजे शेकडा ७५ हून अधिक, कच्चे कैदी होते. पण न्यायाधीश नेमायचे नाहीत, गरिबाला हमीदारावाचून जातमुचलक्यावर सोडायचे नाही, आणि मग कोठडीत कुजणाऱ्याला म्हणायचे की, बाहेर पडण्याचे दार उघडे आहे, फक्त गुन्हेगार म्हणून सही कर! चोरी खरोखरच केलेल्या आणि शिक्षेहून अधिक काळ आत घालवलेल्या एखाद्याची या तरतुदीने सुटका होत असेल. त्याच्याकडून ती हिरावून घ्या असे कुणीही म्हणणार नाही. प्रत्यक्षात या प्रकरणाखाली निकाली निघणारे खटले एक टक्काही नाहीत. परंतु कायद्याच्या पुस्तकाबाहेरचा सौदा फार जुना आहे. सूर्यास्तानंतर संशयास्पद स्थितीत आढळल्याबद्दल महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या १२२ व्या कलमाखाली पकडलेला पारध्याचा पोरगा दंडाधिकाऱ्यापुढे ‘गुन्हा कबूल’ म्हणून मोकळा होतो. आणि पुढच्या खेपेला तीच कबुली ‘पूर्वीचा गुन्हा’ म्हणून त्याच्या नावापुढे बसते. गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ साली रद्द झाला, एवढ्यावर समाधान मानणाऱ्यांनी ही नोंद एकदा वाचावी.

दिल्लीतील डिसेंबर २०१२ च्या अमानुष घटनेनंतर देशभर मागणी उसळली की, गुन्हा करण्याइतका जो मोठा तो शिक्षेइतकाही मोठा. त्या लाटेवर २०१५ चा बाल न्याय कायदा आला. सोळा ते अठरा वयाच्या मुलावर घोर गुन्ह्याचा आरोप असेल, तर त्याची मानसिक व शारीरिक क्षमता आणि परिणाम समजण्याची पात्रता तपासून बाल न्याय मंडळाने त्याला प्रौढ म्हणून खटल्याला पाठवता येते. परिणाम समजण्याची पात्रता! संशोधन सांगते की, मुलाला परिणाम समजतात, तो ते मोजतो, आणि तरीही प्रौढासारखा निर्णय त्याला करता येत नाही. म्हणजे कायद्याने मोजपट्टी निवडली ती नेमकी चुकीची. मंडळापुढे नीट उत्तरे देणारा हुशार मुलगा त्याच हुशारीमुळे मोठ्यांच्या न्यायालयात जाणार. हे काम अत्यंत नाजूक आहे आणि मानसशास्त्राचा जाणकार मंडळात नसेल तर तज्ज्ञांची मदत घेतलीच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाला २०२२ साली बजावावे लागले, ते उगीच नव्हे.

मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला एका भरधाव आलिशान मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. चालक सतरा वर्षांचा. काही तासांत जामीन, अटींमध्ये तीनशे शब्दांचा निबंध. पुढे रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक. संताप रास्तच होता. पण त्या संतापात ‘याला प्रौढ म्हणून उभा करा’ ही घोषणा पुरोगाम्यांच्याही तोंडी आली, ती चूक होती. जुलै २०२५ मध्ये मंडळाने ती मागणी फेटाळली. पुण्याच्या त्या मुलाला जामीन मिळाला, याचा राग धरण्यापेक्षा त्याच आठवड्यात मोबाईल चोरल्याच्या संशयावरून पकडलेल्या वस्तीतल्या मुलाला तो का मिळत नाही, हा प्रश्न विचारणे चळवळीला शोभले असते. वरच्या गल्लीतील सवलत काढून घेतल्याने खालच्या गल्लीत न्याय येत नाही. कठोर झालेला कायदा वकील लावू शकणाऱ्याला टाळून पुढे जातो आणि ज्याच्या मागे कुणी नाही त्याच्यावर पडतो.

कबुलीच्या सौद्यातून अठरा वर्षांखालील मुलांना आजचा कायदा स्पष्टपणे वगळतो. कागदावर ही भिंत भक्कम आहे. तिला भगदाड पडते ते पोलीस ठाण्याच्या नोंदवहीत, ‘वय अंदाजे १९’ या दोन शब्दांनी नि एका आकड्याने. वीटभट्टीवर जन्मलेल्या, ऊसतोडीच्या फडामागून हिंडलेल्या मुलाची जन्मनोंद कुठल्या गावात शोधायची, हे ठाणे अंमलदाराला ठाऊक नसते आणि शोधण्याची त्याला गरजही वाटत नाही. वय ठरवण्यासाठी कायदा आधी शाळेचा दाखला मागतो, तो नसेल तर नगरपालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि तोही नसेल तरच हाडांची तपासणी. कोठडीतील प्रत्येकाला मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या कायद्याने दिलेला आहे. पण गावोगाव जाऊन दाखला आणणे वकिलाच्या हातून होत नाही. तालुक्याच्या न्यायालयात रिमांडच्या वेळी बसणारे दोन कार्यकर्ते आणि मुलाच्या शेवटच्या शाळेपर्यंत जाऊन येणारा तिसरा, एवढ्यावर ते होऊ शकते. अल्पवयाचा दावा कोणत्याही न्यायालयापुढे, कोणत्याही टप्प्यावर, खटल्याचा अंतिम निकाल लागल्यानंतरही करता येतो. त्यामुळे ज्यांनी आधीच सही केली आहे त्यांच्या दाखल्यांसाठीही उशीर झालेला नाही.