गुन्हा दाखल झाला की खेळाडू लगेच संघाबाहेर?

राळेगणसिद्धी : गेल्या वर्षी २ फेब्रुवारीला, म्हणजे २०२५ मध्ये, अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत शिवराज राक्षेने पंचांना लाथ मारली. तो आणि पंचांशी हुज्जत घालणारा महेंद्र गायकवाड या दोघांवर कुस्तीगीर संघाने तीन वर्षांची बंदी घातली. प्रकरण आखाड्यातले, साऱ्यांच्या डोळ्यांदेखत घडलेले. निर्णय सोपा होता.

पण कॉलेजच्या फुटबॉल संघातल्या मुलावर बाहेरच्या मारामारीचा गुन्हा दाखल झाला तर? एफआयआर म्हणजे तक्रारीची नोंद, दोष सिद्ध झालेला नसतो. खुनाच्या आरोपाखाली २०२१ मध्ये अटक झालेल्या सुशील कुमारला रेल्वेने निलंबित केले, तेही खटल्याच्या निकालाआधीच. निलंबन म्हणजे शिक्षा नव्हे, हा फरक कॉलेजे सहसा पाळत नाहीत; सरळ नावच कापतात.

मुलगा अठराच्या आतला असेल, तर २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार, काही गंभीर अपवाद वगळता, दोषी ठरल्यानेही पुढे अपात्रता येत नाही.

दारुड्यांना खांबाला बांधून मारणारे गाव म्हणून राळेगणची ख्याती. पण इथलीच संत निळोबाराय विद्यालयाची शाळा इतरांनी नाकारलेल्या नापास मुलांना प्रवेश देते. कॉलेजांनी यातले दुसरे राळेगण बघावे : सामने थांबवा, सराव नको.

खेळाडूसाठी एकच सावधगिरी. पाच टक्के क्रीडा आरक्षणातून नोकरी मागताना गुन्हा लपवू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या अवतार सिंग निकालानुसार तरुणपणीचा किरकोळ गुन्हा माफ होऊ शकतो, पण माहिती दडवली तर नोकरी जाऊ शकते.