पार्सलचीही उलटी पट्टी



उलटी पट्टी म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. माल विकायला न्यायचा आणि भाडे, हमाली, तोलाई वजा जाता आपल्याच खिशातून भर घालून परत यायचे. ही पट्टी आता उल्हासनगरच्या बराकीतही फाटू लागली आहे.

कॅम्पात घरोघर जीन्स शिवली जाते, पापड लाटले जातात. अंबरनाथ-बदलापूरच्या दोन खोल्यांतल्या बायका मोबाईलवर फोटो टाकून असला माल विकतात. दुकान नाही, दलाल नाही. गिऱ्हाईक नागपूरचे असो की गुवाहाटीचे, मधे फक्त कुरिअर. धंदा चोख, पण गाडी तिथेच अडते.

समजा ४०० रुपयांची जीन्स आहे, पैसे माल हाती पडल्यावर. गिऱ्हाईक दिवसभर घरात, आणि कुरिअरच्या नोंदीत शेरा 'घर बंद'. माल परत. जाण्याचे ७० आणि येण्याचे ७० कापले जातात विकणारीच्या खात्यातून. पापड असले तर परत येतो तो चुरा.

वजनाचा प्रकार तर बाजार समितीत शोभावा. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणायची आणि ५००० ने भागायचे, असा या धंद्याचा रिवाज. ४० बाय ३० बाय १० चे खोके, आत किलोभर पापड, आकारणी २.४ किलोची. गाडीत जागा अडते हे खरे, त्याबद्दल तक्रार नाही. पण हे माप घेतात त्यांच्या गोदामात, विकणारीच्या माघारी. आपण कडता कापताना निदान काट्याजवळ उभे तरी असतो!

पार्सल आणणाऱ्या पोराला शिव्या घालण्यात अर्थ नाही. त्याला नगावर पैसे. निर्वासितांच्या छावणीला १९४९ साली उल्हासनगर नाव मिळाले, पण पत्ते अजून कॅम्प, सेक्शन, बराक नंबर असेच. जुलै २०१९ च्या पुरात बदलापूर-वांगणीच्या मधे महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली. तशा दिवशी पार्सल थांबले तर कोणी बोलणार नाही. दोष वाहणाऱ्याचा असताना भुर्दंड कोणी भरायचा, एवढाच प्रश्न आहे.

कायदा काय म्हणतो? इंग्रजाने १८९८ च्या पोस्ट कायद्यात कलम ६ घातले: टपाल हरवो, मोडो, उशिरा पोचो, सरकार जबाबदार नाही. आपल्या संसदेने २०२३ साली नवा कायदा केला. त्याच्या कलम १० मध्ये तीच सूट, नियमांत ठरवू तेवढी जबाबदारी सोडून. खासगीवाले मागे नाहीत. १९९६ साली भारती निटिंग विरुद्ध डीएचएल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पावतीवर छापलेली १०० डॉलरची मर्यादा उचलून धरली. सही केली म्हणजे अट मान्य, मग ती वाचायला भिंग का लागेना. ग्राहक संरक्षण कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने स्वयंरोजगारासाठी घेतलेल्या 'सेवां'नाही आधार दिला होता. २०१९ च्या कायद्यात त्या स्पष्टीकरणात फक्त वस्तू उरल्या. कुरिअर ही तर सेवा!

कोणी म्हणेल, सरकारने कुरिअरचे दर बांधून द्यावेत. मुळीच नको. दर बांधले की गाड्या कमी होतात आणि वशिला वाढतो. माल उचलतानाच विकणाऱ्यासमोर वजन-मापाची पावती द्या. गिऱ्हाईकाच्या फोनवरून खात्री केल्याशिवाय 'घर बंद' शेरा धरू नका. चूक वाहणाऱ्याची ठरली तर दोन्ही भाडी त्याची. २०१६ साली राज्यात फळे-भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदारावर गेली; तेव्हाही होणार नाही म्हणणारे पुष्कळ होते.

हे शहरातल्या बायांचे दुखणे म्हणून सोडून देऊ नका. बदलापूरचे जांभूळ आणि मुरबाडचा तांदूळ थेट घरोघर पाठवायचा तर रस्ता हाच. तांदूळ आठ दिवस थांबेल, जांभूळ दोन दिवससुद्धा थांबत नाही. तेव्हा ज्यांच्या घरी असा धंदा आहे त्यांनी कापलेल्या भाड्याचे हिशेब बैठकीला घेऊन यावेत. २०१९ च्या कायद्यात 'सेवा' शब्द परत घालावा, अशी लेखी मागणी त्यांच्या आधारेच करायची आहे.