कारखाने दारात, मुलाखती पुण्यात



‘करिअर करायचे तर पुणे गाठा’ हे आपल्याकडे छापून आलेल्या लेखातले मत एकांगी आहे. शिरूर-दौंडकडे उद्योग नाहीत, हे तर साफ चूक. रांजणगाव एमआयडीसी शिरूर तालुक्यात, कुरकुंभची दौंड तालुक्यात. कुरकुंभला रासायनिक कारखाने आहेत. केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालेल्या दौंडच्या मुलाला पुण्यातल्या गणेशखिंडीपेक्षा तिथली प्रयोगशाळा कितीतरी जवळ. इथल्या संलग्न महाविद्यालयांची पदवीही सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचीच. पुण्यात ओळखी लवकर होतात, एवढे मान्य. पण मुलाखती पुण्यात होतात आणि शिरूरला रेल्वे नाही. पहाटेची एसटी चुकली की मुलाखत हुकलीच. मग रांजणगावच्या कंपन्यांनी शिरूरच्याच महाविद्यालयात येऊन मुलाखती का घेऊ नयेत? मुलांना गाव सोडायला सांगण्याआधी लेखकाने हे कंपन्यांना विचारायला हवे होते.

— एक पालक, शिरूर