सेतू की पहारा?

‘कर नाही त्याला डर कशाला?’ ही म्हण २०२० च्या महामारीत फार सढळपणे वापरली गेली. त्या वर्षी २ एप्रिल रोजी केंद्र सरकारने ‘आरोग्य सेतू’ हे मोबाइल अ‍ॅप लोकांपुढे ठेवले आणि ज्यांनी त्याविषयी शंका घेतली, त्यांना याच म्हणीने गप्प करण्यात आले. लोकोक्ती म्हणून ती कितीही खरी असो. कायद्याचे तत्त्व म्हणून ती खोटी आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

अ‍ॅपच्या हेतूविषयी आमची तक्रार नाही. दोन माणसे जवळ आली की त्यांचे फोन ब्लूटूथने परस्परांची खूण नोंदवीत; जीपीएसने ठावठिकाणाही टिपला जाई; पुढे त्यांपैकी एकास कोविड झाल्याचे आढळले की दुसऱ्यास इशारा मिळे. रोग्याच्या सहवासात आलेल्यांचा शोध घेणे हे साथ आवरण्याचे जुने साधन आहे. त्यास जो स्वखुशीने साहाय्य करील, तो समाजधर्मच पाळतो. आमचा आक्षेप आहे तो सक्तीस.

१ मे २०२० च्या आदेशाने गृहमंत्रालयाने सरकारी व खाजगी कर्मचाऱ्यांस हे अ‍ॅप अनिवार्य केले. नोएडात तर ते फोनवर नसल्यास दंड संहितेच्या कलम १८८ खाली कारवाईची धमकी देण्यात आली. आधार होता आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ याचा. त्यात अशा सक्तीचा कोठेही उल्लेख नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. त्यावर मर्यादा घालावयाची तर आधी कायदा हवा, हेतू न्याय्य हवा आणि उपाय प्रमाणात हवा, हेही त्या निकालात आले. येथे पहिल्याच पायरीवर पाय घसरला. माजी न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांनीही ही सक्ती बेकायदा असल्याचे तेव्हाच सांगितले. १७ मे रोजी आदेशाची भाषा मवाळ झाली; सक्तीची वृत्ती मात्र निवाली नाही. १६ ऑगस्ट २०२० रोजी वैष्णोदेवीची यात्रा पुन्हा सुरू झाली, तेव्हा यात्रेकरूंस हेच अ‍ॅप आवश्यक ठरविण्यात आले. ज्या आजीबाईंपाशी असा फोनच नाही, त्यांची भक्ती कोणत्या यंत्राने मोजावी?

कोणी म्हणेल, माणसे मरत असता कायद्याचा कीस कशाला? त्यांनी १८९७ आठवावे. त्या वर्षीचा साथरोग अधिनियम अवघ्या ४ कलमांचा. पण पुण्यात प्लेगच्या तपासणीसाठी गोरे सोजीर घराघरांत शिरले. रोग खरा होता, उपायांची निकडही खरी होती. तथापि धाकाने एवढेच झाले की लोक रोगी लपवू लागले. विश्वास गेला की साथीचा मागही हरवतो.

दिलेला शब्द पुरेसा नसतो, याचा दाखला सिंगापूरने दिला. तेथील ‘ट्रेसटुगेदर’ची माहिती केवळ रोगाच्या शोधासाठी, असे सांगितले होते, जानेवारी २०२१ मध्ये पोलीसही ती मागू शकतात, हे सरकारलाच मान्य करावे लागले. आपल्याकडे त्याच महिन्यात, २५ तारखेस, कर्नाटक उच्च न्यायालयाने नागरिकाच्या संमतीविना ‘आरोग्य सेतू’ची माहिती इतरांस देण्यास अंतरिम मनाई केली. बेळगावच्या वाचकांनी हा निर्णय ध्यानी ठेवावा. कारण २०२३ च्या माहिती-संरक्षण अधिनियमानेही आपल्याच यंत्रणांस सूट देण्याचा अधिकार सरकारच्या हाती ठेवला आहे.

म्हणून आमची मागणी अशी: पुढली साथ येण्यापूर्वी संसदेने स्वतंत्र कायदा करावा. अशा साधनाचा वापर ऐच्छिक असावा. माहिती रोगनिवारणाखेरीज अन्यत्र जाऊ नये. ठरल्या मुदतीत ती नष्ट व्हावी. दुरुपयोग करणाऱ्या अधिकाऱ्यास शिक्षा असावी. आणि अ‍ॅप नाही म्हणून कोणाची नोकरी, प्रवास वा देवदर्शन अडू नये. देवस्थान समित्यांनी तर कायद्याची वाट न पाहता एवढे आजच ठरवावे.

सरकारचा हेतू शुद्ध असेल, तर अशा कायद्यास त्याने का भ्यावे? कर नाही त्याला डर कशाला!