घरची बाग : लोबेलियाचं बी

“लोबेलियाचं पाकीट आणलं, पेरलं, पण एकही रोप उगवलं नाही,” अशी तक्रार पुष्कळजणी करतात. दुकानदाराला बोल लावण्याआधी बी नीट पाहा. मोहरीसुद्धा त्यापुढे मोठी. ही तर निव्वळ धूळ! मातीत पुरलं की उगवत नाही, वरून झारीनं पाणी घातलं की वाहून जातं.

पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरात, तळाला भोक असलेल्या पसरट कुंडीत चाळलेली माती, कुजलेलं शेणखत आणि वाळू सारखी मिसळून भरा. बी चिमूटभर कोरड्या वाळूत कालवून वरवर भुरभुरा नि हातानं हलकेच दाबा. वर माती मुळीच नको. उगवायला उजेड लागतो. मग कुंडी जुन्या परातीत पाणी घालून त्यात ठेवा. वरची माती ओलसर दिसली की काढा आणि उजेडाच्या सावलीत ठेवा.

दोन-तीन आठवड्यांत शेवाळासारखे कोंब दिसतील. रोपं इंचभर झाली की पाच-सहांचा झुबका उचलून लावा. एकेक सुटं करत बसू नका.

थंडीत कुंडी निळ्या फुलांनी भरेल. झाड पोटात गेल्यास विषारी, म्हणून घरात लहान मूल असेल तर कुंडी उंच टांगा. तिथून फुलं खाली ओघळतात, तीही छानच दिसतात!