चित्राखालची ओळ

नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा तालुक्यात काठी नावाचे गाव आहे. तेथील होळी पाहावयास दूरदूरचे लोक येतात. अंगावर राखेची नक्षी रेखून, डोक्यावर मोरपिसांचा टोप घालून आणि कमरेला घुंगरू बांधून व्रतस्थ पुरुष रात्रभर नाचतात. पहाटे होळी पेटते. त्यांच्याभोवती कॅमेऱ्यांची एकच दाटी होते. ती छायाचित्रे पुढे जगभर फिरतात. परंतु त्यांच्याखाली बहुधा ‘आदिवासी नर्तक’ एवढेच लिहिलेले असते. गाव कोणते, वर्ष कोणते, त्या वेषाला काय म्हणतात, कशाचाच पत्ता नसतो.

म्हणूनच सातपुड्यातील मुलामुलींनी आपण टिपलेल्या छायाचित्रांचे स्वतःचे संकेतस्थळ उभारावे. समाजमाध्यमावर टाकलेले चित्र दोन दिवसांत मागे पडते. कॅमेऱ्याने त्यात नोंदवलेली तारीखही तेथे पुष्कळदा पुसली जाते. स्वतःच्या संकेतस्थळावर मांडणी आपली आणि शब्दही आपले.

हे काम आता अवघड राहिलेले नाही. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये कल्पिलेले वेब १९९३ मध्ये सर्वांस विनामूल्य खुले झाले. त्या काळी बहुतेक पाने संकेतलिपीत हाताने लिहावी लागत. आज तयार साचे मिळतात. त्यांत चित्रे ठेवली की दालन सजते. मात्र सरकती चित्रे व नाचरी अक्षरे यांचा मोह फार वाईट! त्याने पान जड होते. कॅमेऱ्यातील चित्र ६,००० बिंदू रुंद असले, तरी फोनच्या पडद्याला १,५०० पुरतात. मूळचेच चित्र चढवले, तर ते मुंबईस दिसेल. पण धडगावच्या डोंगरात, जेथे फोनला लहरी जेमतेम मिळतात, तेथे ते उघडणार नाही. ज्यांचे चित्र, त्यांनाच ते दिसू नये, ही कसली शोभा?

साचा सर्व काही करतो, चित्राखालची ओळ मात्र लिहीत नाही. ती माणसालाच लिहावी लागते. गाव, तारीख, प्रसंग, आणि संमती असेल तर नावही. चित्राचे वर्णन शब्दांत दिले, तर संगणक ते दृष्टिहीनांस वाचून दाखवतो. अशी वीस चित्रे मुक्या दोनशे चित्रांहून बरी.

सरदार सरोवरामुळे महाराष्ट्रातील ३३ गावे बाधित झाली. ती सारी अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांतील. मणिबेली त्यांपैकीच एक. तेथील एखाद्या बुडालेल्या अंगणाचे जुने छायाचित्र घरातील पेटीत सापडले, तर संकेतस्थळावर चढवण्यापूर्वी ते वृद्धांना दाखवावे. मागचा डोंगर कोणता आणि दारात उभे कोण, हे ओळखणारे डोळे अजून आहेत.