जुनी चौकट अशुभ कशी?

आमच्या कोराडीत एका शेजाऱ्याने उन्हाळ्यात जुने घर पाडले. मातीच्या भिंती, वर कवेलू आणि पुढच्या दाराला जाडजूड सागवानी चौकट. "गुरुजी, ही चौकट नव्या घराला लावावी म्हणतो," असे तो मला म्हणाला. पण ठेकेदाराने नाक मुरडले आणि जाणत्यांनी बजावले, जुने लाकूड नव्या वास्तूला अशुभ! चौकट भंगारात गेली. तिच्या जागी दाबलेल्या भुशाचे चकचकीत दार आले. ते इतके शुभ निघाले की, पहिल्याच पावसात फुगून बसले.

हीच चौकट एखाद्या धनिकाच्या बंगल्यात लागली असती, तर पाहुणे तिच्यावरून कौतुकाने हात फिरवते. गरिबाने जुने वापरले की कंगालपणा, श्रीमंताने वापरले की रसिकता! हा कुठला न्याय?

तीन पिढ्या वाळलेल्या सागाला आता वाकायचे-पिळायचे उरलेले नसते. चुन्यात बसवलेली वीट साबूत सुटते. सिमेंटातली सोडवताना फुटते. आपले आजोबा हे जाणून होते, म्हणूनच एका घराचे वासे दुसऱ्या घरावर चढत. लॉरी बेकर या इंग्रज वास्तुशिल्पज्ञाने गांधीजींचा सल्ला मनावर घेतला आणि केरळात पाडलेल्या घरांची दारे-खिडक्या, कौले वापरून माणसांना परवडणारी घरे उभी केली. १९९० साली सरकारने त्याला पद्मश्री दिली. आणि माती-बांबूची बापूकुटी तर आमच्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यात, सेवाग्रामला आहे! तिथे सहली नेतो, हात जोडतो आणि घरी येऊन जुने दार भंगारात घालतो.

आता राखेचे पाहा. १९७४ पासून आमच्या गावाशी वीजकेंद्र आहे. आपल्याकडच्या कोळशात शेकडा ३० ते ४० भाग राख. २०२२ च्या जुलैत खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला नि ते पाणी शेतांत शिरले. याच राखेत चुना वा सिमेंट मिसळून, दाबून वीट होते. तिला भट्टी लागत नाही, शेताची सुपीक मातीही खरवडावी लागत नाही. तरी लोक विचारतात, "राखेचे घर बांधायचे?" अहो, कपाळाला भस्म चालते, मग भिंतीला राख का चालू नये?

वाळवी लागलेले लाकूड लावा, असे मी म्हणत नाही. ते जाळाच. राखेची वीटही नीट पाणी न पाजता घाईने विकलेली असेल, तर परत पाठवा. पारख हवीच. पण पारख वस्तूची करा, तिच्या वयाची नव्हे.

दिवाळीनंतर ज्यांना घर बांधायला काढायचे आहे, त्यांनी पाडकामाच्या दिवशी ठेकेदारावर विसंबू नये. सुताराला बोलवावे, एकेक तुळई ठोकून पाहावी, खणखणीत असेल ती बाजूला ठेवावी. ज्या दारातून आजी घरात आली, त्याच दारातून नातसून आली, तर वास्तुपुरुष रागावेल असे मला वाटत नाही.